तीन कार्डं, तीन टक्के आणि वर्षभराची बिलं

“आमचं घर क्रेडिट कार्डांवर चालतं आणि कार्डं आम्हाला तीन टक्के परत देतात,” असं भाऊजींनी मला दोनदा सांगितलं तेव्हा मी काही बोलले नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बिलं मागितली. हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि ‘सरासरी तीन टक्के’ अशा गोल आकड्याचं मला वावडं आहे. शिवाय ताईने बाजूला घेऊन विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नव्हता: “तीन टक्के मिळतात म्हणतात, पण वर्षाच्या शेवटी हाताशी काहीच दिसत नाही. मग ते जातात कुठे?”

ताई म्हणजे माझी मावसबहीण. दोघं कमावते, कर्जबाजारी नाहीत, उधळे तर मुळीच नाहीत. भाऊजी प्रत्येक कार्डाच्या सवलती तोंडपाठ असलेले गृहस्थ. कुठली खरेदी कुठल्या कार्डावर करायची याची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली. ‘कॅशबॅक आणि रिवॉर्डची कार्डं फायद्याची असतात का’ हा प्रश्न बेफिकीर माणसाच्या बाबतीत सोपा असतो. तो व्याजात बुडतो, विषय संपला. इथे माणूस सावध होता, म्हणून हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं. दोघांना विचारूनच लिहिते आहे.

आकडे मुद्दाम कुठल्या चलनात देत नाही. वर्षभरात तिन्ही कार्डांवर मिळून गेलेली रक्कम १०,००० धरली आहे, बाकी सगळं त्या प्रमाणात.

कार्डं आणि दावा

पहिलं कार्ड साधं. वार्षिक फी नाही, प्रत्येक खरेदीवर दीड टक्का कॅशबॅक, तोही बिलातूनच वजा होऊन. भाऊजींना हे कार्ड कंटाळवाणं वाटायचं, म्हणून त्यावर फक्त २,४०० गेले होते. दुसरं कार्ड किराणा आणि इंधनावर पाच टक्के देणारं, इतर खर्चावर अर्धा टक्का. त्यावर ३,६००. तिसरं प्रवासाचं. खर्चलेल्या प्रत्येक एककामागे दोन पॉइंट, वार्षिक फी ४०, पण वर्षाला ४,००० खर्च झाला तर फी माफ. त्यावर बरोब्बर ४,०००. हा ‘बरोब्बर’ पुढे महागात जाणार आहे.

भाऊजींचा हिशेब असा: पहिल्यावर ३६, दुसऱ्यावर पाच टक्क्यांनी १८०, तिसऱ्यावर ८,००० पॉइंट आणि शंभर पॉइंटांना एक या भावाने ८०. एकूण २९६, म्हणजे तीन टक्के. कागदावर चोख.

मी बारा महिन्यांची बिलं घेतली, आणि तिसऱ्या कार्डाची त्यापुढची चारही. ती का, ते पुढे येईल. नियम एकच ठेवला: जाहिरातीत लिहिलेलं मिळालं असं धरायचं नाही, खात्यात किंवा हातात पडलं तेवढंच धरायचं.

पहिल्या कार्डाचे ३६ खरोखर ३६ निघाले. पाच मिनिटांचं काम.

पाच टक्क्यांचे दोन कसे झाले

दुसऱ्या कार्डाला दोन संध्याकाळी लागल्या. बिलात कॅशबॅकची ओळ महिन्याला जेमतेम सहा दाखवत होती. ३,६०० वर पाच टक्के मिळत असते तर ती पंधराची असायला हवी.

पहिली गळती मर्यादेची. पाच टक्के होते, पण महिन्याला जास्तीत जास्त पाच एकक. म्हणजे किराण्या-इंधनाच्या पहिल्या १०० एककांनंतर दर घसरून अर्ध्या टक्क्यावर येत होता. हे अटींमध्ये लिहिलेलं होतं आणि भाऊजींना ठाऊकही होतं. पण फ्रिजवरच्या चिठ्ठीवर ‘किराणा: दुसरं कार्ड’ एवढंच होतं, ‘पहिले शंभरच’ असं नव्हतं. त्यामुळे महिन्याच्या विसाव्या दिवशीही तेच कार्ड घासलं जात होतं, दीड टक्क्याचं पाकिटात ठेवून.

दुसरी गळती त्यांनाही नवी होती. बँकेला तुम्ही पिशवीत काय भरलंत हे दिसत नाही, दिसतो तो दुकानाचा चार आकडी वर्गवारी क्रमांक. दुकानाला कार्ड स्वीकारायचं यंत्र देणारी बँक हा क्रमांक ठरवते. किराण्याचं दुकान किंवा सुपरमार्केट म्हणजे ५४११, डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे ५३११, पेट्रोलपंप ५५४१, उपाहारगृह ५८१२. ताई महिन्याचं वाणसामान ज्या मोठ्या दुकानातून आणते तिथे कपडे, भांडी आणि विजेची उपकरणंही मिळतात. अ‍ॅपमध्ये त्या खरेदीच्या ओळीवर बोट ठेवलं की बारीक अक्षरात वर्ग उमटायचा: डिपार्टमेंट स्टोअर. झालं. डाळ, तांदूळ, साबण सगळं ५३११ मध्ये, दर अर्धा टक्का. वर्षभरात असे १,३०० गेले होते.

“पण बिलावर तर सगळा किराणाच आहे!” भाऊजी म्हणाले आणि दुकानाची लांबलचक पावती माझ्यासमोर पसरली. पावती खरी होती, पण बँकेकडे ती कधी पोचतच नाही.

मग बेरीज अशी जमली. किराणा-इंधन म्हणून मान्य झालेला खर्च १,५००. त्यातल्या १,२०० वर पाच टक्क्यांचे ६० आणि मर्यादेबाहेरच्या ३०० वर दीड. मोठ्या दुकानाच्या १,३०० वर साडेसहा. उरलेल्या ८०० वर चार. एकूण ७२. पाच टक्क्यांचं म्हणून मिरवलेलं कार्ड प्रत्यक्षात दोन टक्के देत होतं. वाईट नाही, हेही सांगते. पण १८० नव्हे.

पॉइंटाचा भाव कोण ठरवतो

कॅशबॅक आणि पॉइंट यांना लोक एकाच मापाने मोजतात, तिथे फसगत होते. कॅशबॅक हे पैसे असतात. पॉइंट हे एका कंपनीने दिलेलं वचन असतं, आणि त्याचा भाव तीच कंपनी ठरवते, तीच बदलते. विमान कंपन्यांनी ही कल्पना रुजवली. अमेरिकन एअरलाइन्सची मैल जमवण्याची योजना १९८१ ची. खर्चाचा काही हिस्सा रोखीने परत ही कल्पना अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आणली १९८६ मध्ये देशभर आलेल्या डिस्कव्हर कार्डाने. दोन्ही वाटा तेव्हापासून समांतर चालल्या आहेत, पण मैलांच्या वाटेवर कंपनीला ढील जास्त मिळते. एका तिकिटाला उद्यापासून जास्त पॉइंट लागतील एवढं जाहीर केलं की तुमच्या साठ्याची किंमत उतरली, आणि खात्यात मात्र आकडा होता तेवढाच.

भाऊजींनी आठ हजारांपैकी पाच हजार पॉइंट बँकेच्या कॅटलॉगमधून एक ट्रॉली बॅग मागवण्यात घालवले होते. कॅटलॉगमध्ये तिची किंमत ५० लिहिलेली. म्हणजे शंभराला एक, भाव अगदी जुळतो! मी तीच कंपनी, तोच मापाचा क्रमांक, तोच रंग बाहेर शोधला. २० ला मिळत होती. वर बँकेने पॉइंट वटवायचे १ वेगळे घेतले होते. शंभर पॉइंटांना मिळाले ०.४, तेही धड नाही.

बॅग ताईने कपाटावरून काढून दाखवली. वेष्टन निघालेलं नव्हतं.

उरलेले तीन हजार पॉइंट मी शून्य धरले. भाऊजींना हे अन्यायाचं वाटलं आणि काही अंशी त्यांचं बरोबर निघालं, ते पुढे सांगते.

३५० चं सोंग

आता ते ‘बरोब्बर ४,०००’.

तिसऱ्या कार्डावर त्यांचा नेहमीचा खर्च वर्षाला ३,६५० च्या घरात. कार्डाचं वर्ष संपायला तीन आठवडे असताना बँकेचा निरोप आला की अजून इतका खर्च केलात तर ४० ची फी माफ. नेहमीचा खर्च धरूनही ३५० कमी पडत होते. घरातला टीव्ही जुना झाला होताच. बंद नव्हता पडला, जुना झाला होता. ३५० चा टीव्ही आला. फी वाचली. भाऊजींनी त्या रात्री मला “४० वाचवले” असा निरोपही पाठवला होता, तो मला नंतर फोनमध्ये सापडला.

पुढच्या महिन्याचं बिल नेहमीच्या ३०० ऐवजी ६५० आलं. पगारातून तेवढे निघाले नाहीत. त्यांनी ४०० भरले आणि उरलेले २५० पुढच्या महिन्यावर टाकले. आयुष्यात पहिल्यांदाच. व्याज महिन्याला दोन टक्के, म्हणजे २५० वर पाच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आलं २२.

इथे सावध माणसंही चुकतात, म्हणून जरा थांबते. कार्डाची व्याजमुक्त मुदत ही सगळं बिल वेळेवर भरणाऱ्यासाठी असते. एक पैसा मागे ठेवला की बहुतेक करारांत ती मुदत गळून पडते. व्याज मग ड्यू डेटपासून नव्हे तर खरेदीच्या दिवसापासून लागतं, आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. यांच्या करारात तर भरलेल्या ४०० वरही ते भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज होतं. दुसऱ्या महिन्यात ११ आले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मागचं सगळं फेडलं, तरी ९. चौथ्या महिन्यात बाकी शून्य असताना ४. या शेवटच्या चारांसाठी भाऊजी बँकेशी पाऊण तास भांडले. बँकेचं म्हणणं, बिल निघालं तो दिवस आणि तुम्ही पैसे भरले तो दिवस, यांमधल्या दिवसांचं हे व्याज आहे. खरं होतं. मी वाढीव चार बिलं घेतली ती याच शेपटीसाठी.

२२, ११, ९ आणि ४. एकूण ४६. वाचवलेली फी ४०.

तीनाचा एक, एकाचा पाऊण

३६ आणि ७२ आणि २०, वजा १. हातात पडले १२७, म्हणजे १०,००० वर सव्वा टक्का. व्याजाचे ४६ काढले की उरतात ८१.

मी टीव्ही तोट्यात धरला नाही. वस्तू घरात आहे, चालते आहे. पण ताईला विचारलं, “फी माफीचा निरोप आला नसता तर घेतला असतास का?” ती म्हणाली, “घेतला असता गं, पण त्या वर्षी नाही. आणि एवढा मोठा तर नाहीच.” याचा आकडा कसा मांडायचा? नाही मांडला. एवढंच नोंदवते की १०,००० च्या खर्चात केवळ बक्षिसामुळे एक टक्का वाढ झाली तरी ते १०० होतात आणि वर्षभराची निव्वळ कमाई ८१ आहे.

कार्डाने हात सैल सुटतो ही काही आजीबाईची समजूत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव लावून पाहिला, तो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं रोख द्यावी लागेल, काहींना सांगितलं कार्ड चालेल. कार्डवाल्यांच्या बोली दुपटीपर्यंत चढल्या. रोजच्या दूध-भाजीत असं दुप्पट होत नाही हे उघड आहे. पण बक्षीस हरवायला दुप्पट लागतच नाही, शंभराचे एकशेदोन पुरतात.

आणखी एक तुलना केली, ती भाऊजींच्या मनाला सगळ्यात लागली. टीव्ही वगळून राहिलेला सगळा ९,६५० चा खर्च त्या कंटाळवाण्या पहिल्या कार्डावर केला असता तर दीड टक्क्याने १४५ मिळाले असते. चिठ्ठी नाही, मर्यादा नाही, कॅटलॉग नाही. १२७ पेक्षा जास्त, आणि ४६ चं व्याज नाहीच.

बँक देते कुठून

“मग बँकेला हे परवडतं कसं?” भाऊजींनी विचारलं. प्रश्न रागाचा होता, पण चांगला होता.

दुकानदार कार्ड घेतो तेव्हा विक्रीतला एक हिस्सा कापला जातो. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. तुमचं बक्षीस मुख्यतः त्यातून येतं. पुरावा हवा तर जिथे हा वाटा कायद्याने कापला तिथे पाहावं. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर तो ०.३ टक्क्यांवर आणला. एवढ्यातून दोन टक्के कॅशबॅक देणार कोण? ऑस्ट्रेलियात मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये इंटरचेंज खाली ओढलं आणि त्यानंतर तिथल्या पॉइंटयोजना आटत गेल्या. अमेरिकेत क्रेडिट कार्डांना अशी देशव्यापी मर्यादा नाही, आणि बक्षिसांचा सुकाळही तिथेच.

दुकानदार हा खर्च पदरचा थोडाच सोसतो, तो भावात मिसळतो. भाव मात्र रोखीने घेणाऱ्यालाही तोच असतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचा अंदाज मांडला: अमेरिकेत रोखीने व्यवहार करणारं सरासरी घर वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या ताटात वाढतं आणि कार्ड वापरणाऱ्या घराला १,१३३ डॉलर मिळतात. दुसरा झरा व्याजाचा. बिल पूर्ण न भरणारे जे भरतात त्यातून पूर्ण भरणाऱ्यांचे लाड होतात. भाऊजी अकरा वर्षं ताटावर बसलेले होते, चार महिने वाढपी झाले. बँकेच्या दृष्टीने दोन्ही भूमिका एकाच माणसाने करणं हेच उत्तम.

म्हणून “भाव सगळ्यांनाच चढे आहेत, मग आपला वाटा का सोडायचा?” हा भाऊजींचा युक्तिवाद मी खोडत नाही. कार्ड टाकून रोखीवर आलात तर भाव कमी होणार नाहीत, फक्त वाटा जाईल. खरेदीनंतर सरासरी पस्तीस दिवसांनी पैसे द्यावे लागतात, हाही फायदाच. ती रक्कम तेवढे दिवस खरोखर खात्यात पडून राहिली आणि खातं तीन टक्के व्याज देत असेल, तर १०,००० च्या खर्चावर वर्षाला २८ च्या आसपास सुटतात. त्यासाठी रिवॉर्डचं कार्ड लागत नाही, कुठलंही चालतं.

सहा महिन्यांनंतर

बदल तीनच केले. पहिल्या कार्डावर सगळा खर्च आणि पूर्ण बिलाचं ऑटो पे. ‘मिनिमम ड्यू’चं, म्हणजे बिलातल्या किमान रकमेचं, नव्हे, तो पर्याय अ‍ॅपमध्ये आधीच निवडलेला होता, तो बदलावा लागला. दुसऱ्या कार्डावर फक्त इंधन आणि ज्याचा वर्ग ५४११ उमटतो अशा दुकानातला किराणा, महिन्याला १०० पर्यंत. १०० झाले की ताई ते कार्ड कपाटात ठेवते, त्याच ट्रॉली बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. तिसऱ्यावर नवीन खर्च बंद.

सहा महिन्यांत एकूण ४,६५० गेले. दुसऱ्या कार्डाचे ३०, पहिल्याचे ४,०५० वर ६१. एकूण ९१, व्याज शून्य. जवळपास दोन टक्के. आधीच्या वर्षाच्या वेगाने खर्च ४,८२५ व्हायला हवा होता, तो थोडा कमी झाला. श्रेय कशाला द्यायचं मला माहीत नाही. सहा महिने फार नसतात, आणि माणसाच्या मागे कोणी हिशेब घेऊन बसलं की तो तसाही जपून वागतो.

माझी एक चूक पदरात घ्यायला हवी. मी शून्य धरलेल्या त्या तीन हजार पॉइंटांचं भाऊजींनी विमानाचं तिकीट काढलं. त्या दिवशी त्याच विमानाचं रोख भाडं २७ होतं. म्हणजे शंभर पॉइंटांना ०.९, बॅगेच्या दुपटीहून जास्त. पॉइंट तेच, वटवले कुठे यावर किंमत फिरली. तिकिटाचा फोटो मला लगेच आला, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

त्यामुळे तिसऱ्या कार्डाचा वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या महिन्यात त्याची फी येईल, ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायचंय. भाऊजींचं म्हणणं, पॉइंट फक्त तिकिटांवर घालवू, म्हणजे दोन पॉइंटांना १.८ टक्के पडतात. मान्य. पहिलं कार्ड फुकटात दीड देतं, म्हणजे फरक ०.३ चा. फी भरून ठेवायचं तर ४० भरून निघायला १३,३०० हून अधिक खर्च हवा आणि यांचा सगळा मिळूनच १०,००० आहे. फी माफ करून घ्यायची तर वर्षाला ४,००० त्यावर घालायचे. त्यावर सुटणार किती, हे मी त्यांना कागदावर करून दाखवलं. ४,००० चे ०.३ टक्के, १२.

भाऊजी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पण टीव्ही तर आता घेऊन झालाय ना.”